कर्नल मॉड्यूल आपोआप लोड का होत नाही? व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या कॉलेजांच्या लॅब सांभाळणारे, हिंजवडी-खराडीच्या ऑफिसांत लिनक्स लॅपटॉपवर काम करणारे आणि पेठांतल्या रूमवर जुन्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स चालवणारे विद्यार्थी, या तिघांचे प्रश्न बहुतेक सारखेच असतात. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, आणि मॉड्यूल म्हणजे त्याला लागेल तेव्हा जोडला जाणारा तुकडा, बहुधा एखादा ड्रायव्हर. ज्या मशीनवर व्हर्च्युअल मशीन चालतं ते होस्ट, आणि आत चालतं ते गेस्ट. उत्तरं मुख्यतः उबुंटू आणि डेबियन धरून दिली आहेत. फेडोरा जिथे वेगळा वागतो, तिथे तसं सांगितलंय. कमांड, फाइलींची नावं आणि एरर इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत. टर्मिनलमध्ये ते रोमन लिपीत टाइप करा आणि कॅपिटल असं वेगळं म्हटलेलं नसेल तर सगळी अक्षरं लहान ठेवा. बहुतेक कमांडआधी सुडो लागतो, तो दर वेळी लिहिलेला नाही.

काल संध्याकाळपर्यंत चालत होतं, आज सकाळी ‘कर्नल ड्रायव्हर नॉट इन्स्टॉल्ड’ आलं. कोणी काहीच बदललेलं नाही. मग झालं काय?

बदललंय, फक्त काल नाही. उबुंटूवर सुरक्षेचे अपडेट आपोआप येतात आणि त्यांत नवा कर्नलही असतो. तो डिस्कवर येऊन बसतो, पण रीबूट होईपर्यंत जुनाच कर्नल चालू राहतो. लॅबचं मशीन आठ-दहा दिवस बंदच होत नाही. मग गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, यूपीएस दम सोडतो आणि शुक्रवारी सकाळी मशीन पहिल्यांदा नव्या कर्नलवर उठतं. व्हर्च्युअलबॉक्सचं मॉड्यूल जुन्या कर्नलच्या फोल्डरमध्ये मागे राहिलेलं असतं. वीज गेल्यामुळे बिघडलं असं सगळे म्हणतात, पण बिघाड आठवडाभर आधीच येऊन बसलेला असतो.

प्रॅक्टिकल तासाभरावर असेल तर दुरुस्ती नंतर करा. मशीन रीबूट करून ग्रबचा, म्हणजे बूट होताना कर्नल निवडून देणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू आणा: यूईएफआय मशीनवर एस्केप दाबा, जुन्या बायॉसवर शिफ्ट दाबून धरा. ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन आधीचा कर्नल निवडा. मॉड्यूल तिथे असतंच, मशीन चालू लागतं.

सावकाशीने करायची दुरुस्ती: चालू कर्नलचे हेडर्स (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या कर्नलच्या फाइली) टाका आणि ‘/एसबिन/व्हीबॉक्सकॉन्फिग’ चालवा. व्हर्च्युअलबॉक्स काढून पुन्हा टाकणं म्हणजे आजार म्हशीला आणि औषध पखालीला. हेडर्स नसतील तर नव्याने टाकलेलं व्हर्च्युअलबॉक्सही त्याच एररवर (त्याचा आकडा ‘आरसी=-१९०८’) येऊन थांबेल.

‘आपोआप लोड होतं’ म्हणजे नक्की कोण लोड करतं?

लॅपटॉपला नेटवर्क कार्ड जोडलेलं असतं तेव्हा त्या कार्डाची स्वतःची ओळख असते: कोणत्या कंपनीचं, कोणतं मॉडेल, कोणत्या प्रकारचं. कर्नलला ते डिव्हाइस दिसलं की तो ही ओळख एका ओळीत गुंफून बाहेर सांगतो. त्या ओळीला मॉडएलियस म्हणतात. ती यूडेव्ह, म्हणजे डिव्हाइसांवर लक्ष ठेवणारा प्रोग्राम, ऐकतो आणि ‘/लिब/मॉड्यूल्स’मधल्या चालू कर्नलच्या फोल्डरमध्ये ‘मॉड्यूल्स.एलियस’ नावाच्या फाइलशी ताडून पाहतो. नाव जुळलं की ‘मॉड्यूल्स.डेप’ बघून आधी लागणारी मॉड्यूल्स आणि मग हे मॉड्यूल कर्नलमध्ये चढवलं जातं. या दोन्ही फाइली ‘डेपमॉड’ तयार करतो. म्हणूनच मॉड्यूलची फाइल हाताने त्या फोल्डरमध्ये टाकली आणि ‘डेपमॉड -ए’ चालवायचं राहिलं, तर फाइल डोळ्यांसमोर असूनही ‘मॉड्यूल नॉट फाउंड’ येतं.

ही झाली एक वाट. दुसरी वाट डिव्हाइसच्या फाइलमधून जाते. ‘/डेव्ह/नेट/टन’ किंवा ‘/डेव्ह/व्हीहोस्ट-नेट’ या फाइली मॉड्यूल लोड नसतानाही दिसतात. बूट होताना ‘मॉड्यूल्स.डेव्हनेम’ पाहून त्या आधीच मांडून ठेवलेल्या असतात. एखाद्या प्रोग्रामने त्या उघडल्या की त्या क्षणी मॉड्यूल आत येतं. फाइल दिसते म्हणून ड्रायव्हर चालू आहे असं समजू नका, ‘एलएसमॉड’ बघा.

तिसरी वाट नावाने हाक मारण्याची. सिस्टिमडी बूट होताना ‘/ईटीसी/मॉड्यूल्स-लोड.डी’मधल्या फाइली वाचतो आणि तिथे लिहिलेली मॉड्यूल्स लोड करतो, नाहीतर एखादी सर्व्हिस स्वतः ‘मॉडप्रोब’ करते.

मग व्हर्च्युअलबॉक्सचं मॉड्यूल पहिल्या वाटेने का येत नाही?

कारण त्याच्यामागे हार्डवेअरच नाही. ‘व्हीबॉक्सडीआरव्ही’ कोणत्याही कार्डाचा ड्रायव्हर नाही, त्यामुळे त्याच्या नावाने ओळख सांगणारं कोणी नसतं. नावाने हाक मारल्याशिवाय ते येत नाही. ऑरॅकलच्या पॅकेजात ही हाक ‘व्हीबॉक्सडीआरव्ही’ नावाचीच सर्व्हिस मारते. ती क्रमाने तीन मॉड्यूल्स आणते: मूळ ‘व्हीबॉक्सडीआरव्ही’, ब्रिज्ड नेटवर्कसाठी ‘व्हीबॉक्सनेटएफएलटी’ आणि होस्ट-ओन्ली नेटवर्कसाठी ‘व्हीबॉक्सनेटएडीपी’. जुन्या लेखांत ‘व्हीबॉक्सपीसीआय’ असं चौथं नाव दिसतं. ते ६.१ पासून नाही, शोधत बसू नका.

चालू कर्नलसाठी मॉड्यूल नसेल तर ही सर्व्हिस सुरू होताना ते तिथल्या तिथे बांधायचा प्रयत्नही करते. त्यासाठी हेडर्स आणि कंपायलर लागतात. ते नसले की सर्व्हिस लाल होते आणि कारण ‘/व्हार/लॉग/व्हीबॉक्स-सेटअप.लॉग’मध्ये लिहिलेलं राहतं. ती फाइल फार थोडे लोक उघडतात.

केव्हीएमला अशी सर्व्हिस लागत नाही. ते कसं?

केव्हीएम म्हणजे लिनक्स कर्नलची स्वतःची व्हर्च्युअल मशीन चालवण्याची सोय. त्याने प्रोसेसरलाच हार्डवेअर मानलं. प्रोसेसरच्या वैशिष्ट्यांचीही मॉडएलियस ओळ असते. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये ‘व्हीएमएक्स’ दिसलं की ‘केव्हीएम_इंटेल’ आणि एएमडीमध्ये ‘एसव्हीएम’ दिसलं की ‘केव्हीएम_एएमडी’ स्वतःहून लोड होतं. शिवाय हे मॉड्यूल २००७ साली २.६.२० पासून कर्नलच्या आतच आहे. कर्नलबरोबर येतं, डिस्ट्रोची सही घेऊन येतं, त्यामुळे अपडेटनंतर मागे राहण्याचा प्रश्नच नाही. लिनक्स होस्टवर लिनक्स गेस्ट चालवायचे असतील आणि अभ्यासक्रमात व्हर्च्युअलबॉक्सचं नाव लिहिलेलं नसेल, तर केव्हीएम आणि त्याची खिडकी असलेलं व्हर्ट-मॅनेजर वापरा. पुढचे निम्मे प्रश्न तुम्हाला पडणारच नाहीत.

ते लोड झालं नसेल तर कारण बहुधा बायॉसमध्ये असतं. ऑफिसांतून बाहेर पडलेले रीफर्बिश्ड लॅपटॉप घेतलेल्यांनी हे आधी तपासावं. ‘मॉडप्रोब केव्हीएम_इंटेल’ला ‘ऑपरेशन नॉट सपोर्टेड’ असं उत्तर आलं की बायॉसमध्ये जाऊन ‘इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’ चालू करा. एएमडीवर त्याला ‘एसव्हीएम मोड’ म्हणतात. ‘/प्रॉक/सीपीयूइन्फो’मध्ये ‘व्हीएमएक्स’ दिसलं नाही म्हणून प्रोसेसर जुना आहे असं ठरवू नका. कर्नल ५.६ पासून बायॉसमध्ये ही सोय बंद असली तरी तो शब्द यादीतून गायब होतो.

नेमकं कुठे अडलंय हे कसं ओळखायचं?

मॉड्यूल तीन ठिकाणी अडतं: बांधलंच गेलं नाही, बांधलं पण सही मान्य झाली नाही, किंवा सगळं ठीक आहे पण हाक कोणी मारली नाही. मॉड्यूल हाताने लोड करून बघा, ‘मॉडप्रोब व्हीबॉक्सडीआरव्ही’. उत्तरात काय येतं त्यावर पुढचं ठरतं.

काहीच न बोलता प्रॉम्प्ट परत आला, म्हणजे मॉड्यूल चढलं. तुमची अडचण हाकेची आहे, सर्व्हिस किंवा ‘मॉड्यूल्स-लोड.डी’ बघा.

‘मॉड्यूल व्हीबॉक्सडीआरव्ही नॉट फाउंड इन डिरेक्टरी’ आलं, तर पुढे छापलेल्या फोल्डरचं नाव वाचा. त्यात चालू कर्नलचा आकडा असतो. या कर्नलसाठी मॉड्यूल बांधलंच गेलेलं नाही. हेडर्स आणि डीकेएमएसकडे (दोन्ही पुढे आहेत) वळा.

‘इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’ किंवा ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ आलं, तर मॉड्यूल आहे पण दुसऱ्याच कर्नलसाठी बांधलेलं. ‘मॉडइन्फो -एफ व्हरमॅजिक’ आणि पुढे मॉड्यूलचं नाव द्या, मग ‘यूनेम -आर’ चालवा. इथे पहिल्या कमांडमधला ‘एफ’ कॅपिटल आहे. दोन्हींमधला कर्नलचा आकडा पूर्ण जुळला पाहिजे.

‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ किंवा ‘रिक्वायर्ड की नॉट अव्हेलेबल’ म्हणजे सिक्युअर बूट (ओळखीची सही असलेलंच सॉफ्टवेअर चालू देणारी मशीनची सोय) चालू आहे आणि मॉड्यूलवर ओळखीची सही नाही. सिक्युअर बूटमुळे कर्नल लॉकडाउनमध्ये, म्हणजे रूटलाही कर्नलमध्ये फेरफार करू न देणाऱ्या स्थितीत, असेल तर ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ही येतं, आणि सुडो लावूनही येतं म्हणून लोक गोंधळतात. ‘डीमेसेज’च्या शेवटच्या दोन-चार ओळींत ‘लॉकडाउन’ हा शब्द सापडेल.

‘अननोन सिम्बॉल’ आलं, तर मॉड्यूलला लागणारं दुसरं मॉड्यूल आधी आलेलं नाही, किंवा ‘मॉडप्रोब’ऐवजी ‘इन्समॉड’ वापरलंय. ‘इन्समॉड’ अवलंबन बघत नाही, दिलेली फाइल तेवढी चढवतो. त्याच्या वाटेला जाऊ नका.

हेडर्स नेमके कोणते टाकायचे?

‘लिनक्स-हेडर्स-’ या नावापुढे ‘यूनेम -आर’चं उत्तर जोडून जे पॅकेज होतं, ते आजच्या अडचणीपुरतं पुरतं. पण एवढंच केलंत तर पुढच्या कर्नल अपडेटला पुन्हा इथेच याल. ‘लिनक्स-हेडर्स-जेनेरिक’ हे छत्री पॅकेज टाका, म्हणजे प्रत्येक नव्या कर्नलबरोबर त्याचे हेडर्सही येत राहतात. तुमचं उबुंटू एचडब्ल्यूई कर्नलवर (जुन्या उबुंटूला मिळणाऱ्या नव्या कर्नलवर) असेल, तर त्याचं छत्री पॅकेज वेगळं, ‘लिनक्स-हेडर्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-’ आणि पुढे २२.०४ किंवा जो काही आवृत्तीचा आकडा असेल तो. चुकीचं छत्री पॅकेज असण्याची चूक हमखास होते, कारण हेडर्स येत राहतात, फक्त भलत्याच कर्नलचे येतात. फेडोरावर हेडर्सच्या पॅकेजला ‘कर्नल-डेव्हेल’ म्हणतात.

डीकेएमएस टाकलंय, तरी मॉड्यूल बांधलं जात नाही. का?

डीकेएमएस म्हणजे नवा कर्नल आला की मॉड्यूल पुन्हा बांधून देणारा कारागीर. कच्चा माल ‘/यूएसआर/एसआरसी’मध्ये, तयार माल उबुंटूवर कर्नलच्या फोल्डरमधल्या ‘अपडेट्स/डीकेएमएस’मध्ये. ‘डीकेएमएस स्टेटस’ चालवा. चालू कर्नलच्या आकड्यापुढे ‘इन्स्टॉल्ड’ दिसायला हवं. ‘अ‍ॅडेड’ असं दिसलं तर बांधणीच झालेली नाही, ‘बिल्ट’ दिसलं तर बांधून पडलंय पण जागेवर बसवलेलं नाही. दोन्हींवर उपाय एकच, ‘डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल’.

बांधणी मध्येच तुटली तर ‘/व्हार/लिब/डीकेएमएस’मध्ये मॉड्यूलच्या नावाखाली, आवृत्तीखाली, ‘बिल्ड’ फोल्डरमध्ये ‘मेक.लॉग’ असतो. तो वरून खाली वाचा आणि ‘एरर’ शब्द असलेली पहिली ओळ शोधा. तिच्यानंतरच्या शंभर ओळी त्याच एका चुकीच्या लेकी असतात. तिथे साधारण दोन प्रकार सापडतात.

एक, कंपायलरचा फरक. उबुंटू २२.०४ वर ६.५ चा एचडब्ल्यूई कर्नल जीसीसी १२ ने बांधलेला होता, आणि मशीनवर मूळचा जीसीसी ११ होता. लॉगमध्ये कंपायलर वेगळा असल्याची सूचना आणि मग न ओळखलेला पर्याय असं दिसतं. ‘जीसीसी-१२’ पॅकेज टाकलं की प्रश्न मिटतो. मूळ जीसीसी बदलायची गरज नाही.

दोन, कर्नल पुढे गेला आणि मॉड्यूलचा कोड मागे राहिला. कर्नलच्या आतली फंक्शन्स आवृत्तीगणिक बदलतात, बाहेरच्या मॉड्यूलसाठी ती स्थिर ठेवली जातील असं आश्वासन कर्नल देत नाही. व्हर्च्युअलबॉक्सची नवी आवृत्ती घ्या, नाहीतर जुन्या कर्नलवर थांबा. इंटरनेटवरचे पॅच शोधून लावणं शिकण्यासाठी चांगलं आहे, उद्याच्या सबमिशनसाठी नाही.

आणखी एक गोष्ट. डिस्ट्रोचं ‘व्हर्च्युअलबॉक्स-डीकेएमएस’ आणि ऑरॅकलच्या साइटवरचं पॅकेज एकाच मशीनवर ठेवू नका. दोघांची मॉड्यूल्स वेगवेगळ्या फोल्डरमध्ये बसतात, आणि मग प्रोग्राम एका आवृत्तीचा, ड्रायव्हर दुसऱ्या आवृत्तीचा अशी खिचडी होते.

सिक्युअर बूट चालू ठेवून मॉड्यूलला सही कशी द्यायची?

विंडोज ११ बरोबर उबुंटू टाकलेल्या लॅपटॉपवर हा प्रश्न ठरलेला. आधी ‘मॉकयूटिल --एसबी-स्टेट’ने खात्री करा. ‘एनेबल्ड’ आलं तरच पुढचं करा.

मॉक म्हणजे मशीनच्या मालकाने स्वतः नोंदवलेली सहीची की. उबुंटूवर सहीची जोडी ‘/व्हार/लिब/शिम-साइन्ड/मॉक’ या फोल्डरमध्ये असते: ‘मॉक.प्रिव्ह’ ही खासगी की आणि ‘मॉक.डेर’ हे सार्वजनिक प्रमाणपत्र. दोन्ही नावांत ‘मॉक’ कॅपिटल अक्षरांत, टिंबानंतरचं लहान. नसतील तर ‘अपडेट-सिक्युअरबूट-पॉलिसी --न्यू-की’ ती तयार करतं. मग ‘मॉकयूटिल --इम्पोर्ट’ आणि पुढे डेर फाइलचा पूर्ण पत्ता द्या. ते एक पासवर्ड दोनदा मागेल. हा पासवर्ड एकदाच, पुढच्या बूटला लागतो. आठ साधी लहान अक्षरं ठेवा, कारण पुढच्या निळ्या स्क्रीनवर कीबोर्ड अमेरिकी मांडणीचा धरला जातो आणि चिन्हं भलतीच उमटू शकतात.

आता रीबूट करा आणि स्क्रीनसमोरून हलू नका. निळ्या स्क्रीनवर कोणतीही की दाबायला फक्त १० सेकंद मिळतात. चहा आणायला गेलात की मशीन तसंच पुढे बूट होतं, विनंती रद्द होते आणि ‘मॉकयूटिल’पासून पुन्हा सुरुवात. की दाबल्यावर ‘एनरोल मॉक’, ‘कंटिन्यू’, ‘येस’, पासवर्ड, ‘रीबूट’ हा क्रम. ‘एनरोल की फ्रॉम डिस्क’ निवडू नका.

परत आल्यावर ‘/एसबिन/व्हीबॉक्सकॉन्फिग’ चालवा. अलीकडची व्हर्च्युअलबॉक्स त्या फोल्डरमधली की स्वतः शोधून सही करते. डीकेएमएसही तसंच करतं. डेबियन १२ वर मात्र डीकेएमएसची की ‘/व्हार/लिब/डीकेएमएस’मध्ये ‘मॉक.पब’ नावाने असते, तिथे तीच इम्पोर्ट करायची. सही लागली का ते ‘मॉडइन्फो’मधल्या ‘साइनर’ ओळीत दिसतं.

हाताने सही करणाऱ्यांसाठी एक सूचना: मॉड्यूलची फाइल ‘.झेडएसटी’ किंवा ‘.एक्सझेड’ने दाबलेली असेल तर आधी उघडा, सही करा, मग पुन्हा दाबा. दाबलेल्या फाइलच्या शेपटीला सही चिकटवली तर कर्नलला ती दिसत नाही.

त्यापेक्षा सिक्युअर बूट बंदच केलं तर?

चालतं. पण त्याच लॅपटॉपवर विंडोज आणि बिटलॉकर असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी काढून कागदावर लिहून ठेवा. सिक्युअर बूटची स्थिती बदलली की विंडोज ती की मागू शकतं. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर आयटीला विचारल्याशिवाय हात लावू नका.

हाताने ‘मॉडप्रोब’ केलं की चालतं, रीबूट केलं की पुन्हा गायब. कायमचं कसं करायचं?

व्हर्च्युअलबॉक्ससाठी आधी ‘सिस्टिमसीटीएल इज-एनेबल्ड व्हीबॉक्सडीआरव्ही’ बघा, ‘डिसेबल्ड’ आलं तर ‘एनेबल’ करा. सर्व्हिस नसलेल्या मॉड्यूलसाठी ‘/ईटीसी/मॉड्यूल्स-लोड.डी’मध्ये एक फाइल करा. फाइलचं नाव काहीही चालेल, पण शेवट ‘.कॉन्फ’ हवाच, नाहीतर ती वाचलीच जात नाही. आत एका ओळीत एक नाव. पत्ता नको, ‘.केओ’ नको, पर्यायही नकोत. पर्याय देण्याची जागा ‘/ईटीसी/मॉडप्रोब.डी’ आहे. फोल्डरांची नावं इतकी सारखी आहेत की अदलाबदल होतेच.

तपासायला रीबूटची गरज नाही. ‘सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट सिस्टिमडी-मॉड्यूल्स-लोड’ करा आणि मग त्याचंच ‘स्टेटस’ बघा. जे नाव सापडलं नाही ते तिथे लाल अक्षरांत दिसतं.

नेहमीच्या आणि खालच्या डॅशमधला फरक ‘मॉडप्रोब’ मानत नाही. ‘केव्हीएम-इंटेल’ आणि ‘केव्हीएम_इंटेल’ त्याला एकच. ‘एलएसमॉड’ मात्र नेहमी खालचा डॅश छापतं, ग्रेप करताना लक्षात ठेवा.

‘ब्लॅकलिस्ट’ लिहिलं तरी मॉड्यूल लोड होतंच. का?

ब्लॅकलिस्ट फक्त पहिली वाट बंद करतं, म्हणजे ओळख पटवून आपोआप होणारं लोडिंग. कोणी नावाने हाक मारली किंवा दुसऱ्या मॉड्यूलला त्याची गरज लागली, तर ते खुशाल येतं. पूर्ण बंदी हवी असेल तर ‘मॉडप्रोब.डी’मध्ये ‘इन्स्टॉल’, मॉड्यूलचं नाव आणि ‘/बिन/फॉल्स’ अशी ओळ लिहा, किंवा ग्रबच्या कर्नल ओळीत ‘मॉड्यूल_ब्लॅकलिस्ट=’ द्या. बदलानंतर ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’ करा. मॉड्यूल इनिटरॅमएफएसमधूनच (बूटच्या सुरुवातीला मेमरीत येणाऱ्या ड्रायव्हरांच्या गाठोड्यातूनच) आत येत असेल तर तिथली जुनी प्रत तुमचा नवा नियम ऐकत नाही.

मॉड्यूल लोड आहे, तरी ‘व्हीटी-एक्स दुसरा हायपरवायजर वापरतोय’ असं सांगून मशीन सुरू होत नाही.

एका म्यानात दोन तलवारी. हायपरवायजर म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, आणि इथे ती दोन आहेत. केव्हीएम पूर्वी पहिलं व्हर्च्युअल मशीन सुरू होईपर्यंत प्रोसेसरची ही सोय (इंटेलवर व्हीटी-एक्स) ताब्यात घेत नसे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ६.१२ कर्नलपासून ‘केव्हीएम_इंटेल’ लोड होतानाच ती ताब्यात घेतं, आणि वर सांगितल्याप्रमाणे ते स्वतःहून लोड होतं. त्यामुळे केव्हीएम कधी वापरलेलंही नसलं तरी व्हर्च्युअलबॉक्स ‘व्हीईआरआर_व्हीएमएक्स_इन_व्हीएमएक्स_रूट_मोड’ म्हणून थांबतं.

तात्पुरता उपाय ‘मॉडप्रोब -आर केव्हीएम_इंटेल’, एएमडीवर ‘केव्हीएम_एएमडी’. कायमचा उपाय म्हणजे ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’मधल्या कर्नलच्या ओळीत ‘केव्हीएम.एनेबल_व्हर्ट_अ‍ॅट_लोड=०’ घालून ‘अपडेट-ग्रब’ करणं. शून्य अर्थातच रोमन कीबोर्डवरचा. यात केव्हीएम जुन्या पद्धतीने वागतं, दोन्ही सॉफ्टवेअर मशीनवर राहतात, फक्त एका वेळी एकच चालवायचं.

विंडोज होस्टवर याचंच भावंड म्हणजे खालच्या पट्टीतलं हिरवं कासव. ते दिसलं तर विंडोजचा स्वतःचा हायपरवायजर, हायपर-व्ही, खाली बसलाय आणि व्हर्च्युअलबॉक्स त्याच्या पाठीवरून चाललंय. चालतं, पण कासवासारखंच.

व्हीएमवेअर वर्कस्टेशनची मॉड्यूल्स वेगळी आहेत का?

‘व्हीएममॉन’ आणि ‘व्हीएमनेट’ अशी दोन आहेत. व्हीएमवेअर डीकेएमएस वापरत नाही, कर्नल बदलला की ‘व्हीएमवेअर-मॉडकॉन्फिग --कन्सोल --इन्स्टॉल-ऑल’ पुन्हा चालवावं लागतं. सिक्युअर बूटवर सहीही दर वेळी हाताने, कर्नल हेडर्सच्या ‘स्क्रिप्ट्स’ फोल्डरमधल्या ‘साइन-फाइल’ने. वर्कस्टेशन २०२४ पासून फुकट झालं म्हणून बरेच जण तिकडे वळले. कर्नल वारंवार बदलणाऱ्या मशीनवर ते त्रासाचंच आहे.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये तयार केलेलं गेस्ट केव्हीएमवर आणलं, तर बूटच होत नाही. इथे कोणतं मॉड्यूल अडतं?

इथे मॉड्यूल होस्टचं नाही, गेस्टचं. केव्हीएम गेस्टला बहुधा व्हर्टिओ, म्हणजे खास व्हर्च्युअल मशीनसाठी केलेली, डिस्क देतं. तिचा ड्रायव्हर ‘व्हर्टिओ_बीएलके’ रूट डिस्कवरच्या फोल्डरमध्ये आहे, आणि ती डिस्क वाचायला तोच ड्रायव्हर हवा. हा पेच सोडवण्यासाठी इनिटरॅमएफएस असतं: लागणारे ड्रायव्हर आधीच मेमरीत घेऊन येणारी छोटी शिदोरी. आपोआप लोडिंग तिथेही चालतं, पण शिदोरीत जे बांधलंय तेवढंच मिळतं.

उबुंटूची शिदोरी मोठी असते, ती बहुतेक वेळा निभावते. फेडोरा, रॉकी, अल्मा यांचा शिदोरी बांधणारा प्रोग्राम, ड्रॅकट, मात्र ज्या हार्डवेअरवर शिदोरी बांधली त्यापुरतेच ड्रायव्हर घेतो. व्हर्च्युअलबॉक्सच्या साटा डिस्कवर बांधली, व्हर्टिओ त्यात नाही, आणि तुम्ही ड्रॅकटच्या इमर्जन्सी शेलमध्ये येऊन पडता.

सोपा मार्ग: ग्रबच्या मेनूतली ‘रेस्क्यू’ नावाची ओळ निवडा. तिच्या शिदोरीत सगळे ड्रायव्हर असतात. आत आलात की ‘ड्रॅकट -एफ --रीजनरेट-ऑल’ चालवा. आता हार्डवेअर व्हर्टिओचं आहे, म्हणून नव्या शिदोरीत व्हर्टिओ येतं. ‘एलएसइनिटआरडी’च्या उत्तरात ‘व्हर्टिओ’ ग्रेप करून खात्री करा. ती ओळ नसेल तर डिस्कचा प्रकार तात्पुरता साटा करा, बूट करा, ‘/ईटीसी/ड्रॅकट.कॉन्फ.डी’मध्ये ‘अ‍ॅड_ड्रायव्हर्स+=’ पुढे नावं लिहून ‘ड्रॅकट -एफ’ करा. अवतरण चिन्हांच्या आत सुरुवातीला आणि शेवटी एकेक मोकळी जागा सोडा, नाहीतर दोन फाइलींतली नावं एकमेकांना चिकटतात.

विंडोज गेस्टसाठी व्हर्टिओ-विनची आयएसओ दुसऱ्या सीडीला लावून इन्स्टॉलरमध्ये ‘लोड ड्रायव्हर’ निवडायचं. डिस्कच दिसत नाही म्हणून थांबलेल्यांचं उत्तर तेच.

गेस्ट अ‍ॅडिशन्स टाकलेच पाहिजेत का?

हे गेस्टच्या आत टाकायचे व्हर्च्युअलबॉक्सचे ड्रायव्हर आणि प्रोग्राम. नव्या लिनक्स गेस्टमध्ये ‘व्हीबॉक्सगेस्ट’ कर्नल ४.१६ पासून आणि शेअर्ड फोल्डरचं ‘व्हीबॉक्सएसएफ’ ५.६ पासून कर्नलमध्येच आहे. ‘व्हीबॉक्सगेस्ट’ पहिल्या वाटेने येतं, कारण गेस्टच्या आत व्हर्च्युअलबॉक्स खरंच एक पीसीआय डिव्हाइस दाखवतं. क्लिपबोर्ड आणि स्क्रीनचा आकार यांसाठी लागणारे प्रोग्राम मात्र वेगळे घ्यावे लागतात. शेअर्ड फोल्डर दिसतं पण उघडत नाही, तर युजर ‘व्हीबॉक्सएसएफ’ ग्रुपमध्ये नाही. होस्टवर यूएसबी दिसत नसेल तर ‘व्हीबॉक्सयूजर्स’ ग्रुप. दोन्हीकडे ग्रुपमध्ये टाकल्यावर लॉगआउट करून परत या.

ग्राफिक्स कार्ड गेस्टला द्यायचंय. कार्ड गेस्टच्या हवाली करणारं ‘व्हीएफआयओ-पीसीआय’ लोड होतं, पण कार्ड एनव्हीडियाच्या ड्रायव्हरकडेच राहतं.

वरातीमागून घोडं. जो ड्रायव्हर आधी येतो तो कार्ड धरतो. ‘मॉडप्रोब.डी’मध्ये ‘ऑप्शन्स व्हीएफआयओ-पीसीआय आयडीज=’ पुढे कार्डाचे आणि त्यावरच्या ऑडिओचे आकडे द्या, ते ‘एलएसपीसीआय -एनएन’मध्ये चौकोनी कंसात दिसतात. त्याखाली ‘सॉफ्टडेप एनव्हीडिया प्री: व्हीएफआयओ-पीसीआय’ लिहा. ओपन ड्रायव्हर असेल तर ‘नूव्हो’साठीही तशीच ओळ. मग इनिटरॅमएफएस पुन्हा बांधा. जुन्या लेखांतलं ‘व्हीएफआयओ_व्हीआयआरक्यूएफडी’ हे नाव यादीतून काढा. ६.२ पासून ते मूळ ‘व्हीएफआयओ’तच मिसळलंय, नाव ठेवलंत तर बूटला उगाच एक एरर येतो.

तीस-चाळीस मशीनची लॅब आहे. दर आठवड्याला हे कसं सांभाळायचं?

सत्र चालू असताना कर्नल गोठवा: ‘एपीटी-मार्क होल्ड’ आणि पुढे ‘लिनक्स-जेनेरिक’, ‘लिनक्स-इमेज-जेनेरिक’, ‘लिनक्स-हेडर्स-जेनेरिक’. तिन्ही एकत्र. नुसती इमेज गोठवली तर हेडर्स पुढे पळतात. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत ‘अनहोल्ड’ करून अपडेट घ्या, कारण गोठवलेल्या काळात कर्नलच्या सुरक्षेच्या दुरुस्त्याही येत नाहीत. अपडेटनंतर लगेच रीबूट करा, गुरुवारची वाट बघू नका.

सहीची जोडी प्रत्येक मशीनवर वेगळी तयार करण्यापेक्षा एकच तयार करून सगळीकडे ठेवा, खासगी की रूटलाच वाचता येईल अशी. ‘मॉकयूटिल’ची कमांड नेटवर्कवरून सगळीकडे देता येते. निळ्या स्क्रीनवर ‘एनरोल’ मात्र प्रत्येक मशीनसमोर बसूनच करावं लागतं, ती सोय मुद्दाम तशी ठेवलेली आहे. एका मशीनला दोन-तीन मिनिटं धरा, चाळीस मशीनला दोन तास. हे काम एकदाच आहे, पुढच्या कर्नललाही तीच सही चालते. अपवाद मदरबोर्ड बदलल्याचा किंवा बायॉस मूळ सेटिंगवर गेल्याचा. तेव्हा ते मशीन पुन्हा नोंदवावं लागू शकतं. बायॉसचा सेल संपलेल्या जुन्या मशीनवर ‘व्हीटी’ची सेटिंगही वीज गेली की पुसली जाऊ शकते, म्हणून वरचेवर तीच मशीन रुसत असतील तर आधी सीआर२०३२ सेल बदला.